वर जाणाऱ्याचा पोशाख, खाली जाणाऱ्याचा पोशाख

तांब्याचं गोल शिरस्त्राण, त्याला काचेच्या खिडक्या, जाड रबरी कापडाचा अंगरखा आणि पायात शिशाचे बूट. जुन्या पुस्तकांतलं पाणबुड्याचं हे चित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. आता त्याच्या शेजारी १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीराचा फोटो ठेवून बघा. दोघं सख्खे भाऊ वाटतात. तसंच गोल डोकं, तसंच फुगीर अंग, तशीच जपून टाकलेली पावलं. त्यामुळे ‘एक पाण्यात घालायचा, दुसरा आकाशात, बाकी प्रकार एकच’ असं आपण सहज म्हणून जातो.

प्रकार मुळीच एक नाही. या दोन पोशाखांची कामं जवळजवळ उलटी आहेत. त्यांचं नातं मात्र खरं आहे. ते नातं नीट समजून घेतलं, की आपण कुणाला डोक्यावर घेतो आणि कुणाला विसरतो याचाही हिशेब मांडावा लागतो. आज तो मांडायचा विचार आहे.

आधीच सांगते, मी विज्ञानाची शिक्षिका नव्हे. मराठी आणि इतिहास शिकवण्यात माझी उमेद गेली. पण कुणी रजेवर असलं की त्या वर्गावर ऑफ तासाला जावं लागे, आणि तेव्हा मुलं काहीही विचारत. “बाई, पाणबुड्याचा ड्रेस घालून चंद्रावर गेलं तर चालेल का?” असं एका मुलाने विचारलं होतं. वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला. “शोधून सांगते,” म्हटलं आणि मधल्या सुट्टीत ग्रंथालय गाठलं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घर करून आहे. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि इंटरनेटही आलं, त्यामुळे तो वाढतच गेला.

सगळा खेळ दाबाचा आहे. आपल्या अंगावर हवेचा दाब असतो, दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. जन्मापासूनची सवय असल्याने तो जाणवत नाही. पाण्यात उतरलं की दर दहा मीटरला तेवढाच दाब आणखी वाढतो. तीस मीटर खाली गेलं की तो चौपट झालेला असतो. वर अवकाशात बाहेरचा दाब शून्य.

म्हणजे अंतराळवीराच्या पोशाखाचं पहिलं काम आतला दाब धरून ठेवणं. माणसाच्या आकाराची सायकलची ट्यूब म्हणा ना! ट्यूबमध्ये हवा जास्त भरली की ती ताठ होते, वाकत नाही. तसंच इथे. म्हणून अमेरिकन स्पेससूटमध्ये आपल्या नेहमीच्या दाबाच्या तीन-दशांशाइतकाच दाब ठेवतात, रशियन सूटमध्ये चार-दशांशाइतका. एव्हरेस्टच्या माथ्यावर असतो साधारण तेवढाच हा दाब. तरी आतला माणूस शुद्धीवर राहतो, कारण त्याला शुद्ध ऑक्सिजन मिळत असतो. इतकं करूनही हातमोजा कडकच राहतो. पाना धरायला मूठ मिटायची तर फुगलेला चेंडू दाबल्यासारखा जोर लागतो. सहा-सात तास असं काम करून कित्येकांची नखं दुखावली आहेत.

पाणबुड्याचा नेहमीचा पोशाख दाब अडवायच्या भानगडीत पडतच नाही. त्याला श्वासासाठी दिलेली हवाच बाहेरच्या पाण्याइतक्या दाबाची असते. फुप्फुसात तोच दाब, रक्तात तोच दाब. आत-बाहेर बरोबरी असल्यामुळे माणूस चिरडत नाही. पोशाखाचं काम मुख्यतः थंडीपासून आणि खरचटण्यापासून राखण्याचं. थोडक्यात काय, अंतराळवीर आपला दाब बरोबर घेऊन जातो आणि पाणबुड्या समुद्राचा दाब स्वतःच्या अंगात मुरवून घेतो. म्हणून त्या मुलाला उत्तर दिलं, की बाबा, नाही चालणार, तो ड्रेस दाब कोंडून ठेवण्यासाठी शिवलेलाच नसतो.

(याला अपवाद आहे. समुद्राचा दाब पूर्ण बाहेर अडवणारे चिलखतासारखे कडक पोशाखही आहेत. त्यातला ‘जिम’ नावाचा पोशाख घालून सिल्व्हिया अर्ल या संशोधक बाई १९७९ साली हवाई बेटांजवळ ३८१ मीटर खोल समुद्रतळावर चालल्या. बाहेर जवळजवळ चाळीसपट दाब, आत आपल्या अंगणातला. स्पेससूटला एका वातावरणाच्या दाबाचाही फरक सांभाळावा लागत नाही. इथे तो चाळीसच्या आसपास होता.)

उष्णतेचंही असंच उलटसुलट आहे. अवकाशात थंडी फार, म्हणून तो पोशाख उबदार असणार असं आपल्याला वाटतं. पण थर्मासमध्ये चहा गरम का राहतो? दोन भिंतींमधल्या पोकळीमुळे. अंतराळवीर तर पोकळीतच लटकलेला. काम करून अंग तापतं आणि ती उष्णता जायला वाट नाही. म्हणून त्याच्या आतल्या कपड्यात सुमारे नव्वद मीटर लांबीच्या बारीक नळ्या खेळवून त्यातून गार पाणी फिरवतात. पाणबुड्याचं दुःख उलटं. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता पंचवीसपट वेगाने ओढून नेतं. थंड समुद्रात खोल काम करणाऱ्यांच्या पोशाखात जहाजावरून नळीने सतत गरम पाणी सोडावं लागतं.

आता दोघांना जोडणाऱ्या दुव्याकडे येते. तो दुवा म्हणजे एक आजार.

गोटी सोड्याची बाटली फोडली की काय होतं ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. दाबाखाली विरघळलेला वायू दाब सुटताच बुडबुडे होऊन वर धावतो. खोल पाण्यात माणसाच्या रक्तात आणि सांध्यांत हवेतला नायट्रोजन असाच विरघळतो. माणूस झटकन वर आला की त्याचे बुडबुडे होतात. सांधे असह्य दुखतात, अर्धांगवायू होतो, जीवही जातो. इंग्रजीत याला ‘बेंड्स’ म्हणतात, कारण दुखण्याने माणूस वाकतो. माझा नातू तारकर्लीला स्कूबा करून आला, तेव्हा त्यालाही बजावलं होतं की वर सावकाश यायचं, श्वास रोखायचा नाही आणि नंतर एक दिवस तरी विमानात बसायचं नाही. विमानात दाब आणखी कमी, म्हणजे बाटलीचं बूच आणखी सैल.

या आजाराने सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर गाठलं ते नदीत पुलाचे खांब उभारणाऱ्या मजुरांना. रिकामा पेला उलटा करून बादलीत दाबला तर आतली हवा पाणी येऊ देत नाही. तशाच प्रचंड पेट्या नदीच्या तळाशी ठेवून, त्यात दाबाखाली हवा भरून, आत मजूर खणायचे. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८७०च्या दशकात असाच उभा राहिला. संध्याकाळी पाळी संपवून मजूर वर येत आणि कळवळून खाली बसत. काही गेले. पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग हाही १८७२ साली याच आजाराने कायमचा खचला. पुढे त्याची पत्नी एमिली हिने त्याचे निरोप पोहोचवत काम तडीला नेलं. रोबलिंगचं नाव इतिहासात आहे. त्या मजुरांची नावं तुम्हाला-मला ठाऊक नाहीत.

यावर उपाय शोधला जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. ब्रिटिश आरमाराच्या पाणबुड्यांसाठी, आधी शेळ्यांवर प्रयोग करून, त्याने १९०८ साली कोष्टकं प्रसिद्ध केली. इतकं खोल, इतका वेळ राहिलात तर वर येताना कुठे किती मिनिटं थांबायचं याची ती कोष्टकं. म्हटलं तर साधी गोष्ट, पण तिने असंख्य जीव वाचवले.

हाच हॉल्डेन पुढे आकाशाकडेही वळला. फार उंचावर विमान न्यायचं तर वैमानिकाला दाबाचा पोशाख लागणार हे त्याला दिसत होतं. तो कुणी शिवावा? पाणबुड्यांचे पोशाख करणाऱ्यांनीच! ऑगस्टस सीबे याने १८३७च्या सुमाराला लंडनमध्ये तांब्याच्या शिरस्त्राणाचा बंदिस्त पोशाख तयार केला, त्याच घराण्याच्या सीबे गोरमन कंपनीचे रॉबर्ट डेव्हिस आणि हॉल्डेन यांनी मिळून १९३०च्या दशकात हा पोशाख केला. १९३६ साली स्वेन नावाच्या ब्रिटिश वैमानिकाने अशाच पोशाखात जवळजवळ पन्नास हजार फुटांची उंची गाठून विक्रम केला. म्हणजे तोंडवळा सारखा दिसतो तो उगीच नाही. स्पेससूटच्या घराण्यात पाणबुड्याचा पोशाख आजोबा लागतो.

आणि नातवाचं आजोबांवाचून अजूनही चालत नाही. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर पडलेला पहिला माणूस ठरला. बाहेर तो बारा मिनिटं होता. त्याचा पोशाख पोकळीत इतका फुगला की आत परत शिरता येईना. त्याने झडप उघडून दाब कमी केला आणि कसाबसा आत आला. दाब कमी केला तर पाणबुड्यांचाच आजार होण्याचा धोका आहे, हे त्याला माहीत होतं. आजही यानाबाहेर पडण्याआधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन अंगातला नायट्रोजन काढून टाकावा लागतो. पुलाखालच्या मजुरांनी जे भोगलं, त्यातून आलेलं हे शहाणपण आहे.

बाहेर कामाचा सराव कुठे करतात? पाण्यात! ह्यूस्टनजवळ नासाचा बारा मीटर खोल तलाव आहे. स्पेससूट घालून अंतराळवीर त्यात उतरतात, आणि त्यांना तरंगतं राखायला, अडचणीत वर काढायला आजूबाजूला पाणबुडे असतात. फोटोत मध्ये पांढरा सूट दिसतो, कडेचे पाणबुडे कोण ते कुणी विचारत नाही.

त्याहून विलक्षण गोष्ट १६ जुलै २०१३ची. इटलीचा लुका पार्मितानो अंतराळ स्थानकाबाहेर काम करत असताना थंडाव्याच्या यंत्रणेतलं पाणी त्याच्या शिरस्त्राणात शिरलं. वजनच नसल्याने ते ओघळेना, चेहऱ्याला चिकटून नाकाडोळ्यांवर पसरलं. पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचीवर माणूस बुडून मरायची वेळ आली होती. दोरीच्या आधाराने चाचपडत तो परत आला. नंतर नासाने शिरस्त्राणात काय बसवलं? पाणी शोषणारा पॅड आणि एक स्नॉर्केल, म्हणजे पाण्यात पोहणारे तोंडात धरतात तशी नळी.

इतकं जवळचं नातं असून आपण मान कुणाला देतो?

जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात गेले आणि १५ जुलैला परतले. घराघरांत ते नाव पोहोचलं. मीही पहाटे उठून बातम्या पाहिल्या, डोळे भरून आले. पुढच्याच महिन्यात, ५ आणि ६ ऑगस्टला, राजू रमेश आणि निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग हे दोन भारतीय अटलांटिक महासागरात फ्रेंच पाणबुडीतून उतरले. एक चार हजार मीटरवर आणि दुसरे पाच हजार मीटरवर. आपल्या ‘समुद्रयान’ मोहिमेची ती तयारी होती. किती जणांना ही नावं माहीत आहेत? मी सात-आठ ओळखीच्यांना विचारलं. एकालाही नव्हती.

हे दोघं तरी पाणबुडीच्या आत होते, आणि त्यांचा फोटो निदान एक दिवस छापून आला. मुंबई हायच्या तेलविहिरींच्या तळाशी, सत्तर-ऐंशी मीटर पाण्यात, पाइप जोडणारे पाणबुडे वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. जहाजावरच्या लोखंडी कोठीत, खोल समुद्राच्या दाबात ते कित्येक दिवस राहतात, तिथूनच कामाला उतरतात आणि तिथेच परततात. नायट्रोजनऐवजी हेलियम घेतात, त्यामुळे आवाज बदकासारखा होतो. हा दाब उतरवून मोकळ्या हवेत यायला तीन-चार दिवस लागतात. अंतराळ स्थानकातल्या माणसाला अगदी निकड पडली तर काही तासांत पृथ्वीवर आणता येतं. ऐंशी मीटरवरच्या माणसाला त्याच्या घरी कुणी वारलं तरी तीन दिवस दार उघडत नाही. विहिरींतला तो गॅस समुद्राखालच्या नळांतून उरणला येतो आणि आपल्या शेगड्या पेटतात.

कुणी म्हणेल, “बाई, तुलनाच चुकीची. अवकाशात जाणं हा मानवजातीचा पराक्रम आहे, पाइप जोडणं ही नोकरी.” मला हे पटत नाही. धोका पत्करणाऱ्या माणसाचं शरीर पराक्रम आणि नोकरी यांत फरक करत नाही. शिवाय पोशाख कसा आहे यावरून त्या माणसाच्या जिवाला आपण काय किंमत लावली हे अगदी स्वच्छ दिसतं. ३० जून १९७१ रोजी सोयुझ-११ यानातले तीन रशियन अंतराळवीर परतताना हवा निसटल्याने गेले. तिघांच्याही अंगात दाबाचे पोशाख नव्हते, कारण तिघांना पोशाख घालून बसण्याइतकी यानात जागाच नव्हती. त्यानंतर रशियाने काय केलं? पोशाखाला जागा व्हावी म्हणून तिघांऐवजी दोघांनाच पाठवायला सुरुवात केली. कित्येक वर्षं तसं चाललं. काम कमी झालं तर होऊ दे, पण पोशाखाशिवाय माणूस जाणार नाही, असा तो निर्णय होता.

आता आपल्या गल्लीत या. तिथेही एक माणूस खाली उतरतो. मॅनहोलचं झाकण बाजूला करतात, कमरेला दोरी बांधतात आणि बनियन-चड्डीवर तो आत जातो. आमच्या रस्त्यावर मी हे स्वतः पाहिलं आहे. आत दाब नसतो, पण हायड्रोजन सल्फाइड असतो. कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा हा वायू जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला घाईने उतरलेला दुसराही कोसळतो. अशा बातम्या आतल्या पानावर चार ओळींत येतात.

त्याला वाचवायला चंद्रावरचं तंत्रज्ञान लागत नाही. नुसत्या कापडी मास्कचा उपयोग नाही, पण वरून नळीने स्वच्छ हवा आणि तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा एवढं हवंच. तत्त्व सीबेच्या काळातलंच. त्याच्याही पाणबुड्याला वरून हातपंपाने हवा मिळत होती. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी टेम्सकाठच्या शहरात सुचलेली युक्ती आपल्या गटारापर्यंत पोहोचलेली नाही.

कायदा नाही असं नव्हे. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाख देण्याचा आदेश दिला, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढली हे बरंच झालं. पण मेल्यावर तीस लाख मोजायची तयारी ठेवणाऱ्यांनी आधी मुखवटा का देऊ नये, हे मला कळत नाही. आणि खरं तर माणसाने उतरूच नये. २०१८ पासून केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी केलेलं ‘बँडिकूट’ नावाचं यंत्र मॅनहोल साफ करतं आहे. समुद्रतळाशी पाणबुड्यांची कित्येक कामं यंत्रांनी घेतलीच ना?

जमिनीखाली उतरणारा हा माणूस कुठल्या जातींतून येतो, ते मी लिहायची गरज नाही. त्याचा पोशाख कुणी शिवला नाही, यामागे तेच कारण आहे असं माझं स्पष्ट मत आहे. इथे कमतरता तंत्राची नव्हती, पैशाचीही नव्हती.

शुभांशु शुक्लांचं कौतुक कमी करा असं मी म्हणत नाही. मुलांना आकाशाकडे बघायला शिकवण्यात माझंही आयुष्य गेलं. माझं मागणं लहान आहे. यापुढे तुमच्या रस्त्यावर मॅनहोलचं झाकण उघडलेलं दिसलं, तर नाकाला रुमाल लावून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं थांबा. उतरणाऱ्याच्या तोंडावर काय आहे ते बघा. मुखवटा नसेल तर मुकादमाला विचारा, ‘का नाही?’ त्याने हात झटकले तर वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या आणि पोहोच घ्या. मी असे दोन अर्ज दिले आहेत. एकाचं उत्तर आलं आहे, दुसऱ्यासाठी येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.